परसात निघालेलं वसाहतकाळातलं नाणं, बटणं आणि शिशाची गोळी: शोधायचं कसं, खणायचं कसं आणि साफ किती करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: कनेक्टिकटमध्ये १७६० च्या सुमाराचं जुनं फार्महाऊस घेतलंय, मागे दोनेक एकर जागा आहे, हौस म्हणून मेटल डिटेक्टर आणला आणि पहिल्याच वीकेंडला तीन चपटी बटणं, एक शिशाची गोळी, डबाभर गंजलेले खिळे आणि एक हिरवं-काळं पडलेलं तांब्याचं नाणं मिळालं. सांगलीहून आलेल्या आई म्हणतायत, चिंच-मीठ लावून नाणं पाच मिनिटांत लख्ख करून देते. तर लावू का, बाकीचं कसं साफ करू, अजून कुठे शोधू, आणि डिसेंबरात गावी जाताना मशीन सोबत नेऊ का.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये बरीच वर्षं हेच करतेय, त्यामुळे उत्तर लांब होणार, पण आधी चिंचेचं सांगते कारण ते अर्जंट आहे. लावू नका. लिंबू नको, व्हिनेगर नको, केचप नको, पितांबरी तर अजिबात नको. आईंना माझा नमस्कार सांगा आणि नाणं तेवढं एका छोट्या डबीत काढून ठेवा, त्यांना पाहिजे तर घरातला तांब्या-पंचपात्री द्या घासायला.

कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. देवघरातल्या तांब्यावर जो काळपटपणा येतो तो वरवरचा, पातळ थर असतो, चिंचेतल्या आम्लाने तो निघाला की खाली गुळगुळीत धातू तसाच असतो. अडीचशे वर्षं मातीत राहिलेल्या नाण्याचं तसं नसतं. न्यू इंग्लंडची (म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या आपल्या या राज्यांची) माती मुळात आम्लधर्मी, त्यात शेत असेल तर वर्षानुवर्षं टाकलेली खतं, या सगळ्यात तांबं हळूहळू विरघळतं आणि जागच्या जागी तपकिरी, हिरव्या क्षारांच्या रूपात परत बसतं. म्हणजे राजाचा चेहरा, अक्षरं, साल, हे आता त्या हिरव्या-तपकिरी कवचातच शिल्लक आहे आणि त्याच्या खालचा धातू खड्ड्याखड्ड्यांचा झालाय. आम्ल आधी कवच खातं. पाच मिनिटांनी तुमच्या हातात गुलाबी रंगाची, खडबडीत, कोरी चकती उरेल आणि तिच्यावर परत चेहरा आणायचा कुठलाच उपाय जगात नाही.

मातीतून निघालेल्या वस्तूकडे दोन गोष्टी असतात, तिची जागा आणि तिचं कवच. म्हणजे ती नेमकी कुठे, किती खोल, कशाच्या शेजारी होती ते, आणि तिच्या अंगावर चढलेला थर. दोन्ही गोष्टी आपण खणणारेच घालवतो, एक खणताना घाईत आणि दुसरी सिंकपाशी उत्साहात. वस्तू सापडणं हे मशीन करतं, आपलं काम या दोन गोष्टी सांभाळायचं आहे असं माझं पक्कं मत आहे.

जागेला एवढं का महत्त्व देते त्याचं एक उदाहरण सांगते, ते आपल्या लोकांना जास्त जवळचं आहे. २०१४ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या मिडलटाउन गावी एका फळबागेत एका हौशी डिटेक्टरवाल्याला चांदीचं एक छोटं नाणं मिळालं, अंगठ्याच्या नखाएवढं, त्यावर अरबी अक्षरं. शोध घेतल्यावर कळलं की ते १६९३ सालचं येमेनचं नाणं. आता येमेनचं नाणं तिथे वसाहतवाल्यांच्या शेतात कसं आलं? तर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं गंज-इ-सवाई हे जहाज लुटलं होतं. (औरंगजेब तेव्हा आपल्याकडेच, भीमेकाठी ब्रह्मपुरीला तळ ठोकून होता.) एव्हरी पुढे गायब झाला पण त्याची काही माणसं अमेरिकन वसाहतींत येऊन मिसळली, आणि तशीच अरबी नाणी मॅसॅच्युसेट्समध्ये, तुमच्या कनेक्टिकटमध्येही निघाली आहेत. हेच नाणं कुणी बाजारातून आणून दाखवलं असतं तर ते येमेनचं एक जुनं नाणं एवढंच राहिलं असतं. ते त्या मातीत होतं म्हणून गंज-इ-सवाईच्या लुटीचा धागा अमेरिकेतल्या एका बागेपर्यंत जोडता आला.

दुसरं उदाहरण गोळ्यांचं. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टन-कॉन्कर्डला स्वातंत्र्ययुद्धाची पहिली लढाई झाली. तिथल्या मिनिट मॅन राष्ट्रीय उद्यानात पुरातत्त्वज्ञांनी स्वतः डिटेक्टर लावून एकेका गोळीची जागा नकाशावर टाकली आणि त्या ठिपक्यांवरून कोण कुठे उभं राहून कुठल्या दिशेने गोळीबार करत होतं ते ठरवलं. २०२४ मध्ये तिथल्याच नॉर्थ ब्रिजजवळ पाच गोळ्या मिळाल्याचं जाहीर झालं, नदीपलीकडून मिलिशियाने, म्हणजे वसाहतीतल्या नागरी सैनिकांनी, ब्रिटिश सैनिकांवर झाडलेल्या. कुणी हौशी माणसाने त्या रात्रीत उपटून खिशात घातल्या असत्या तर ती फक्त पाच शिशाची ढेकळं. म्हणूनच राष्ट्रीय उद्यानांत डिटेक्टर चालवणं सोडाच, वापरायच्या तयारीत बाळगायलाही बंदी आहे आणि १९७९ च्या कायद्याने फेडरल व आदिवासी जमिनीवरच्या शंभर वर्षांवरच्या पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय उचलणं गुन्हा आहे. राज्याच्या, गावाच्या जमिनीचे नियम ठिकठिकाणी वेगळे, विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. शेजाऱ्याच्या शेतात जायचं तर मालकाची परवानगी लेखी घ्या आणि काय सापडलं तर कुणाचं हे आधीच बोलून घ्या, नंतर चांदी निघाल्यावर बोलणं अवघड होतं.

तुमची स्वतःची जमीन आहे म्हणजे तो प्रश्न सुटला, तरी खणण्याआधी ८११ ला फोन करा, फुकट आहे, ते गॅस, वीज, केबलच्या लाइनींवर खुणा करून जातात. सेप्टिकची आणि प्रोपेनची लाइन कुठून गेलीय ते मात्र आधीच्या मालकाला विचारा कारण घरगुती लाइनींवर ते बहुतेक खुणा करत नाहीत.

आता कुठे शोधायचं. नवीन माणूस लॉनच्या मधोमध सुरू करतो. जुन्या घराची माणसं कुठून चालायची याचा विचार करा: रस्ता ते पुढचं दार, मागचं दार ते विहीर, धान्यकोठाराचं तोंड, दगडी कुंपणातली फाटकाची जागा, जुन्या मोठ्या झाडाखालची सावली. नाणी आणि बटणं चालता-वाकताना पडतात, तिथेच मिळतात. त्यानंतर नकाशे. न्यू इंग्लंडच्या बऱ्याच काउंट्यांचे १८५० च्या दशकातले भिंतीवर लावायचे मोठे नकाशे आहेत, त्यात प्रत्येक घर ठिपक्याने आणि मालकाच्या नावाने दाखवलेलं असतं आणि ते ऑनलाइन बघायला मिळतात. नकाशावर घर आहे पण आज तिथे जंगल आहे, अशी जागा म्हणजे सेलर होल, पडक्या घराचा तळघराचा खड्डा. लायडारचं हिलशेड चित्र (विमानातून लेझरने मोजलेला जमिनीचा उंचसखलपणा) बघितलंत तर झाडांच्या खालचे हे चौकोनी खड्डे आणि दगडी भिंतींच्या रेघा स्पष्ट दिसतात, पहिल्यांदा बघाल तेव्हा रात्रभर झोपणार नाही.

मशीनबद्दल फार लिहीत नाही, कुठलं घ्यायचं यावर लोक भांडत बसतात. माझ्याकडे मायनलॅबचं इक्विनॉक्स आहे, एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर चालणारं कुठलंही मशीन घ्या, चालेल. त्यापेक्षा सेटिंग आणि हात महत्त्वाचा. जुन्या घराभोवती जमिनीत हजारो खिळे असतात आणि लोखंडाचा मोठा सिग्नल शेजारच्या नाण्याचा छोटा सिग्नल झाकून टाकतो. म्हणून तिथे मोठी कॉइल (मशीनची खालची गोल तबकडी) काढून सहा इंचाची लावा, कॉइल जमिनीला लागूनच हळू फिरवा, रिकव्हरी स्पीड (एका सिग्नलनंतर दुसरा पकडायचा वेग) वाढवा, आणि लोखंड पूर्ण बंद न करता त्याचा जाड आवाज ऐकू येईल असं ठेवा. त्या घरघरीतून मधेच एक बारीक गोड टोन डोकावतो, तिथे थांबा, नव्वद अंशात फिरून परत कॉइल फिरवा. दोन्ही दिशांनी टोन आला तर खणा. एकाच बाजूने येऊन दुसरीकडून विरत असेल तर बहुतेक वाकडा खिळा आहे.

आणि धातूप्रमाणे स्क्रीनवर जो नंबर दिसतो त्यातले फक्त उंच नंबर खणायचे ही सवय लावून घेऊ नका. उंच नंबरला चांदी आणि मोठी तांब्याची नाणी येतात हे खरं, पण बटणं, बुटांची बकलं, शिशाच्या गोळ्या, पातळ स्पॅनिश चांदीचे कापलेले तुकडे हे सगळं मधल्या नंबरात येतं, जिथे सोड्याच्या कॅनची टॅब आणि फॉइलही येतं. आधुनिक कचरा नसलेली जागा असेल तर लोखंड सोडून सगळं खणा. पितळी पत्र्याचा तिकोनी तुकडा मिळाला तर कचरा म्हणून फेकू नका हं. कनेक्टिकटमध्ये १६३० च्या दशकात पीक्वॉट युद्ध झालं, तेव्हा इथले मूळ रहिवासी युरोपियन पितळी भांडी कापून त्याची बाणाची टोकं करायचे, आणि त्या रणभूमीच्या सर्वेक्षणात पीक्वॉट लोकांच्या म्युझियमच्या पुरातत्त्वज्ञांना अशी टोकं डिटेक्टरनेच मिळाली आहेत. तुमच्या परसात असं काही मिळालं तर हात थांबवा आणि राज्याच्या पुरातत्त्व कार्यालयाला फोटो पाठवा. हाडं दिसली तर खणणं तिथेच बंद, आधी पोलीस. लोखंडाचा पोकळ गोळा मिळाला तरी तेच करायचं, तो तोफेचा असेल तर दोनशे वर्षांपूर्वीची स्फोटक दारू आत जिवंत असू शकते, तो हलवायचा नाही, घरात आणायचा तर मुळीच नाही.

खणताना नाण्याच्या अगदी जवळ हत्यार घालू नका, सिग्नलच्या मध्यापासून तीन-चार इंच लांब धरा. तीन बाजू कापून चौथी बाजू बिजागरीसारखी राहू द्या, गवताचा तुकडा उलटा पाडा, माती जुन्या टॉवेलवर काढा, आणि मग पिनपॉइंटरने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने, शोधा. वस्तू निघाली की खड्ड्यावरून आणि टॉवेलवरच्या मातीवरून परत एकदा मशीन फिरवा, बऱ्याचदा खाली दुसरी वस्तू असते. मग सगळी माती आत, गवत खाली दाबून, वर पाणी. पंधरा दिवसांनी खूण दिसता कामा नये. ऑगस्टच्या कोरड्या उन्हात लॉन खणू नका, गवत मरतं.

आणि खड्ड्यातच फोटो काढा, फोनवर जीपीएस पॉइंट घ्या, खोली लिहा, पिशवीवर नंबर टाका. कंटाळवाणं वाटतं पण महिन्याभराने नकाशावर ते पॉइंट टाकलेत की बटणांची एक रांग दिसायला लागते आणि कळतं की इथून वाट जात होती.

खिळे तुम्ही फेकणार असाल, तर आधी बघा. हाताने ठोकून केलेले, चारही बाजूंनी निमुळते, डोक्यावर हातोड्याचे पैलू असलेले खिळे साधारण अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंतचे. त्यानंतर मशीनने पत्र्यातून कापलेले चौकोनी खिळे आले आणि १८९० च्या आसपासपासून आजच्यासारखे गोल तारेचे. परसाच्या कुठल्या कोपऱ्यात कुठले खिळे जास्त निघतायत यावरून कुठली इमारत कधीची ते समजतं. तसंच चिलमीच्या पांढऱ्या मातीच्या नळ्या. मशीन त्यांच्यावर वाजत नाही, पण मातीत हमखास येतात. जे. सी. हॅरिंग्टन या पुरातत्त्वज्ञाने १९५४ मध्ये दाखवून दिलं की या नळ्यांचं भोक जसजसा काळ पुढे गेला तसं बारीक होत गेलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंचाचे ९/६४, आणि १७५० नंतर ४/६४. ड्रिलची पाती घालून मापतात. एका नळीवरून काही ठरत नाही, पंधरा-वीस जमल्या की अंदाज येतो.

आता तुमच्या नाण्याकडे. साफ करण्याआधी ओळखायचा प्रयत्न करा, कारण खूपदा ओळखायला साफ करावंच लागत नाही. अंधाऱ्या खोलीत नाणं सपाट ठेवा, फोनचा टॉर्च अगदी आडवा, जमिनीलगत धरा आणि नाणं हळूहळू फिरवत फोटो काढा. सावल्यांमुळे जी अक्षरं सरळ उजेडात दिसत नाहीत ती उठून येतात. कुठल्याही केमिकलपेक्षा ही युक्ती मला जास्त वेळा उपयोगी पडली आहे.

व्यास २८-२९ मिलिमीटर असेल तर तुमच्या भागात मुख्य शक्यता तीन. एक म्हणजे इंग्लंडचा हाफपेनी: डोकं डावीकडे बघत असेल तर दुसरा जॉर्ज, उजवीकडे बघत असेल तर तिसरा जॉर्ज, आणि मागे बसलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री. ब्रिटन वसाहतींना स्वतःची नाणी पाडू देत नव्हतं आणि सुट्टे पैसे पुरेसे पाठवतही नव्हतं, म्हणून जे मिळेल ते चालायचं, खोटे हाफपेनीसुद्धा बिनदिक्कत चालायचे आणि आज तेही भरपूर निघतात. १७४९ साल दिसलं तर त्याला एक गोष्ट आहे. फ्रेंचांचा लुईबर्ग किल्ला घ्यायच्या मोहिमेचा खर्च मॅसॅच्युसेट्सने केला होता, त्याची भरपाई म्हणून लंडनहून त्या वर्षी स्पॅनिश चांदीच्या पेट्या आणि पिंपं भरभरून नवी तांब्याची नाणी बोस्टनला आली होती. दुसरी शक्यता कनेक्टिकटचं स्वतःचं तांब्याचं नाणं, १७८५ ते १७८८ मधलं. ते दिसायला जाणूनबुजून हाफपेनीसारखंच, पण डोक्याभोवती राजाच्या नावाऐवजी ‘ऑक्टोरी कॉनेक’ असं लॅटिन लिहिलेलं, म्हणजे कनेक्टिकटच्या अधिकाराने. याचे साचे शेकडो प्रकारचे आहेत आणि त्यावर आयुष्य घालवलेले संग्राहक आहेत. तिसरी शक्यता नंतरचा लार्ज सेंट, १७९३ ते १८५७.

पैशाचं विचाराल तर जमिनीतून निघालेल्या, झिजलेल्या साध्या नाण्याला फारशी किंमत येत नाही, त्यासाठी हे करू नका. पण कधी चांदीचं पातळ नाणं आणि त्यावर पाइनचं झाड दिसलं तर कुणालाही हात लावू देऊ नका. मॅसॅच्युसेट्सने १६५२ मध्ये इंग्लंडला न विचारता टांकसाळ काढली होती आणि पुढे सगळी वर्षं जवळजवळ सगळ्याच नाण्यांवर १६५२ हेच साल छापत राहिले.

साफसफाई तांब्याची: शेतात असताना बोटाने चोळायचं नाही, ही सगळ्यात मोठी गोष्ट. ओल्या मातीत वाळूचे कण असतात, अंगठ्याने एकदा घासलं की चेहऱ्याचा वरचा थर खरवडून निघतो. मातीसकट डबीत टाका. घरी आल्यावर माती वाळू द्या, मग भिंगाखाली लाकडी टूथपिकने, ओलं न करता, एकेक ढेकूळ उचकटायचं. टोक बोथट झालं की नवीन घ्यायचं. मऊ ब्रश चालतो, तारेचा नाही. वाळल्यावर थर सोलून यायला लागला तर थांबा. पाणी लागलंच तर डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नको कारण त्यात क्लोरीन आणि क्षार असतात. चिकट, मेणचट घाण असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, खिडकी उघडी ठेवून आणि गॅस पेटलेला नसताना. फार घट्ट चिकटलेल्या मातीसाठी लोक कोमट केलेलं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, बुडबुड्यांनी माती सुटते हे खरं, पण ज्या नाण्याचा चेहरा फक्त थरातच उरलाय तिथे तो थरही सुटतो. मी माझ्या चांगल्या नाण्यांना ते लावत नाही. ऑलिव्ह ऑइलमध्ये महिनोन्‌महिने बुडवून ठेवायचा सल्लाही सगळीकडे दिसेल, त्यातली आम्लं सावकाश का होईना तांबं खातातच. शेवटी पूर्ण वाळल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेण, रेनेसाँ वॅक्स नावाने मिळतं, बोटावर कणभर घेऊन पातळ हात फिरवायचा. एवढंच. पुढे कधी नाण्यावर फिकट हिरवी भुकटी यायला लागली, पुसली तरी परत येतेय, तर ते क्लोराइडचं दुखणं आहे, समुद्राजवळच्या जमिनीत जास्त दिसतं. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं करून सिलिका जेलच्या पुडीसोबत कोरड्या डबीत ठेवा.

चांदीची गोष्ट सोपी. स्पॅनिश रेआल निघाले, अर्धे, पाव कापलेले तुकडे निघाले (स्पॅनिश डॉलर अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होतं, त्यामुळे अमेरिकन नाण्यांपेक्षा तेच जास्त भेटतात), तर डिस्टिल्ड पाण्यात खळबळून घ्या, बहुतेक वेळा तेवढ्यात होतं. रांगोळी, विभूती, टूथपेस्ट लावून चोळायचं नाही. काळं फारच चढलेलं असेल आणि अक्षरं वाचताच येत नसतील तर अ‍ॅल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी, तेही काही सेकंद, बाहेर काढून बघायचं. थोडा काळेपणा राहिलेलाच बरा, उठावाची अक्षरं त्यामुळे वाचता येतात.

तुमच्या बटणांपैकी एखादं पांढुरकं-करडं, चकचकीत आणि जराही न गंजलेलं असेल तर ते टॉम्बॅक आहे, तांबं-जस्ताचा फिकट मिश्रधातू, १७६० ते १७९० च्या आसपास फार चालायचा आणि मातीत त्याला काही होत नाही. पाण्याने धुवा, झालं. पाठीमागे लेथवर फिरवल्याच्या गोल रेघा दिसतील. बाकीच्या चपट्या बटणांवर सोनेरी पाणी असू शकतं, आणि ते इतकं पातळ असतं की बोटाने जोरात चोळलं तरी जातं, म्हणून आधी मागची बाजू धुवून बघा. पाठीवर इंग्रजी अक्षरं असतील, लंडन किंवा गिल्ट असं काही, तर ते बहुतेक १७९० नंतरचं.

शिशाची गोळी. तिच्यावरचं पांढरं पुट काढू नका, ते शिशाचंच संयुग आहे, आतल्या धातूला तेच सांभाळतं, आणि विषारी आहे. ग्लोव्ह्ज घाला, घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या हाती देऊ नका, हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवू नका. ठेवायला लाकडी किंवा पुठ्ठ्याची पेटी नको, विशेषतः ओकच्या लाकडातून जी आम्लाची वाफ येते तिने शिशाची हळूहळू भुकटी होते, प्लास्टिकची डबी घ्या. गोल असेल तर कॅलिपरने व्यास मापा: ०.६९ इंच म्हणजे ब्रिटिशांच्या ब्राउन बेस बंदुकीची शक्यता, ०.६३ च्या आसपास म्हणजे फ्रेंच मस्केट, त्याहून बारीक म्हणजे शिकारीची असायची शक्यता जास्त. आपटून चपटी झाली असेल तर वजन करा, ०.६९ ची साधारण ३२ ग्रॅम भरते, ०.६३ ची चोवीसच्या वर थोडी. आणि दातांच्या खुणा असतील तर कुणीतरी सांगेल की जखमी सैनिकाने वेदना सोसायला चावली. तशा बहुतेक गोळ्या डुकरांनी चघळलेल्या असतात.

लोखंड सगळ्यात अवघड. आधी लोहचुंबक लावा. जोरात ओढलं आणि वस्तू हाताला जड लागली तर आत धातू शिल्लक आहे, नाहीतर तो नुसता गंजाचा आकार आहे, त्याला कोरडा ब्रश आणि मेण याच्या पुढे काही करू नका. धातू असेल, कुऱ्हाड, बिजागरी, नाल असं काही, तर इलेक्ट्रोलिसिस करता येतं. प्लास्टिकची बादली, चार लिटर पाण्याला चमचाभर वॉशिंग सोडा (मीठ नाही, मिठाने क्लोरीन वायू होतो), बारा व्होल्टचा साधा चार्जर, वस्तूला निगेटिव्ह आणि समोर टाकलेल्या साध्या लोखंडी पट्टीला पॉझिटिव्ह. ही पट्टी स्टेनलेसची कधीच नको, त्यातून क्रोमियमचं अत्यंत विषारी संयुग पाण्यात उतरतं. करंट कमी ठेवा, एक-दोन अँपिअर, हळू होऊ द्या. हायड्रोजन निघतो म्हणून हे उघड्यावरच करायचं, आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. त्याच बादलीत बटणं-नाणी टाकू नका. झाल्यावर ब्रशने काळा थर काढा, डिस्टिल्ड पाण्यात काही दिवस बदलून बदलून बुडवून ठेवा म्हणजे आतले क्षार निघतील, ओव्हनमध्ये मंद आचेवर पूर्ण वाळवा, टॅनिक अ‍ॅसिडचा एक हात आणि वर गरम मेण. मधली क्षार काढायची पायरी लोक गाळतात आणि मग वर्षभरात कुऱ्हाडीचे पापुद्रे सुटायला लागतात.

गावी मशीन न्यायचं विचारलंत. नेऊ नका. भारतात १८७८ चा निधीचा कायदा अजून लागू आहे, जमिनीत दहा रुपयांच्या वरचं काही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्मारकांसाठी १९५८ चा कायदा, आणि शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूंसाठी १९७२ चा, त्यानुसार अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही. म्हणजे शेतात नांगरताना शिवराई निघाली तरी ती खिशात घालून कनेक्टिकटला आणणं हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, २०२५ च्या मार्चमध्ये एक सिनेमा बघून बऱ्हाणपूरच्या असीरगडाजवळ लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन मोगलांचं सोनं शोधायला शेतं उकरत होते, ते व्हिडिओ बघून मला फार वाईट वाटलं. आपल्या गडांवरच्या मातीचं रीतसर उत्खनन फार थोड्या ठिकाणी झालंय. एका रात्रीत तिथले थर कालवले गेले तर उद्याच्या अभ्यासकाला वाचायला काही उरत नाही. गावात कुणाला असं काही सापडलंच तर तहसीलदाराकडे किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे द्यायला सांगा, आणि जागेचा फोटो आधी काढायला सांगा.

राहिलं गोचिडीचं. गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या लाइम रोगाला नाव तुमच्याच राज्यातल्या लाइम गावावरून मिळालंय, म्हणजे बघा. पँट मोज्यात खोचा, कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक मारा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट बघा, आणि दगडी भिंतीवरची तीन पानांची चकचकीत वेल पॉइझन आयव्ही असते, तिला हात लावू नका. अंगावर लाल गोल चट्टा उठला तर वाट न बघता डॉक्टरकडे जा.

नाण्याचं वजन, व्यास आणि आडव्या उजेडातले दोन्ही बाजूंचे फोटो टाका, डोकं कुठल्या दिशेला बघतंय तेही लिहा, म्हणजे हाफपेनी की कनेक्टिकटचं ते सांगता येईल. गोळीचंही वजन टाका.